गळवाल्याला हाकला, बारीक जाळ्याला सोडा : तलावावरचा नियम नक्की कुणासाठी?

पाऊस सुरू झाला की आपल्याकडं दोन भांडणं ठरलेली. एक बांधावरचं, दुसरं तलावावरचं. बांधाच्या भांडणाला निदान मोजणी आहे, तहसील आहे, कोर्ट आहे. तलावावरच्या भांडणात राखणदार म्हणेल तो कायदा, आणि ज्याच्या हातात गळाची काठी तो चोर.

मागच्या पावसाळ्यात मीच त्यात सापडलो. पुतण्याला घेऊन जवळच्या एका तलावावर बसलो होतो. वेळूची काठी, दहा रुपयांचा गळ, डब्यात गांडुळं. दोन तासांत पंज्याएवढ्या पाच चिलापी लागल्या. तेवढ्यात ठेक्याचा राखणदार आला. "पाहुणं, परवानगी काढलीय का?" मी म्हटलं, "दादा, काढतो की. मिळते कुठं ती?" त्याला सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं, आणि मी बातम्या लिहितो! त्यानं काठी मोडली आणि पाचही चिलापी स्वतःच्या पिशवीत टाकल्या. पोरगं रस्ताभर गप्प होतं.

त्याच दिवशी सांजच्याला तलावाला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी वेगळंच चाललेलं. चढणीचे मासे वर निघाले होते, अंड्यांनी पोटं फुगलेली. आणि आडवं लावलेलं जाळं इतकं बारीक की त्यातनं करंगळीसुद्धा जाईना. तिथं कुणीच कुणाला परवानगी विचारली नाही.

आता ठेक्याच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, नाहीतर ही नुसती माझी रडकथा होईल. तलावातली मासेमारी सहसा पाच वर्षांसाठी ठेक्यानं जाते. मोठ्या पाटबंधारे तलावांचं मत्स्यव्यवसाय खातं बघतं, लहान तलावांचं जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत. ठेका बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो आणि त्यात भोई, कोळी समाजाची घरं असतात, ज्यांचं पोट त्याच पाण्यावर. संस्था पैसे मोजून मत्स्यबोटुकली आणून सोडते. कारण कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या तलावात आपोआप वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली कटकला हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घेतली, तेव्हापासून हॅचरीत बीज तयार व्हायला लागलं. म्हणजे तलावातला रोहू हा बऱ्याच अंशी विकतचा माल आहे. शंभर पोरं रोज काठीला रोहू लावून न्यायला लागली तर संस्थेनं राखणदार ठेवला म्हणून तिला नावं ठेवता येणार नाहीत.

पण चिलापीचं तसं नाही. चिलापी आपली नव्हे, 1952 साली बाहेरनं आणलेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, तळहाताएवढी व्हायच्या आतच विते आणि वर्षातनं कैक वेळा. एकदा तलावात शिरली की संपता संपत नाही. उलट गर्दी झाली की सगळ्या खुरटतात आणि रोहू-कटल्याच्या बोटुकलीचं खाणंही खातात. गळाला लागते ती बहुतेक हीच. म्हणजे पुतण्यानं काढलेल्या पाच चिलापींनी संस्थेचं नुकसान तर नाहीच, झाला तर फायदाच.

उलटी गोष्ट मरळीची. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. पाण्यावर तांबड्या पिल्लांची झुंबड दिसली की खाली नर-मादी पहाऱ्यावर असतात. हौशी लोक नेमकं तिथंच बेडूक लावून गळ टाकतात, कारण मरळ चिडून झडप घालते. ती एक मरळ वर आली की पिल्लांचा घास व्हायला अर्धा दिवस लागत नाही. इथं गळवाल्याला अडवलंच पाहिजे. मी स्वतः तरुणपणी हे केलंय. तेव्हा फुशारकी वाटायची.

आणि चढणीच्या माशांचा हिशेब तर सरळ आहे. रोहूची मादी किलोमागं दोन लाखांच्या वर अंडी देते. ओढ्याच्या तोंडाला अशा दहा माद्या उपसल्या तर गेलं किती ते आपणच मोजा. कालवणात अंडी छान लागतात, हे मान्य.

समुद्रावर सरकारनं हा विचार केलेला आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद, कारण तो विणीचा काळ. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370, त्याहून लहान धरायची नाही. कोळी बांधवांच्या तक्रारी त्यावरही आहेत, पण निदान आकडा तरी आहे. पट्टी लावली की कळतं. आपल्या तलावावर काठी घेऊन बसणाऱ्याला असा एकही आकडा कुणी सांगितलेला नाही. किती मासे न्यायचे, केवढे न्यायचे, कुठल्या महिन्यात बसायचं नाही, काही नाही. राज्याचा मत्स्यव्यवसाय कायदा 1960 सालचा आहे, ठेक्याच्या करारात अटीही असतात. पण ते कागद फाइलीत आणि आपण बांधावर.

हिमाचल प्रदेशात बघा. तिथं काठीनं मासे धरायला सरकारच फी घेऊन परवाना देतं. दिवसाला किती मासे न्यायचे ते ठरलेलं. ट्राउट 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद, कारण तो थंडीत वितो. तिथं गळवाला चोर ठरत नाही. ज्याच्याकडं परवाना नाही किंवा ज्यानं मर्यादा ओलांडली तो ठरतो. आपल्याकडं यातलं काहीच कठीण नाही, फक्त कुणी मागितलेलं नाही.

माझं म्हणणं असं. हातातली एक काठी, एक गळ, एवढ्याला गावातल्या माणसाला वर्षाची नाममात्र फी घेऊन पावती द्या. पैसे संस्थेलाच जाऊ द्या. चिलापीला मर्यादा नको. रोहू-कटला दिवसाला एखादा, तोही किलोच्या वरचा, लहान लागला तर परत पाण्यात. पिल्लांवरची मरळ अजिबात नाही. जून-जुलैत ओढ्याच्या तोंडाला ना गळ ना जाळं, आणि ही अट ठेकेदारालाही. गळवाले म्हणतील एकच रोहू? बोटुकली आपण सोडत नाही, मग एकच. राखणदार ठेवायचाच तर बारीक जाळ्यावर ठेवा.

विजेच्या तारेचं आणि विषाचं तर बोलायलाच नको. सुरुंग आणि विष टाकून मासे मारणं 1897 च्या इंग्रजांच्या कायद्यातच गुन्हा धरलंय. तरी आपल्या पोरांना उन्हाळ्यात डोहावर बॅटरी आणि तार घेऊन जाताना कोण बघत नाही? ते मासे खाणारेही आपणच, आणि त्याच डोहावर जनावरं पाण्याला नेणारेही आपणच. हे करायचं आणि राखणदाराच्या नावानं ओरडायचं, हे दोन्ही जमणार नाही.

आता कामाचं. आपल्या तलावाचा ठेका कुणाकडं, कधी संपतो, अटी काय, बोटुकली किती सोडायची होती आणि किती सोडली, हे माहिती अधिकारात मागता येतं. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हा परिषदेचा तलाव असेल तर अर्ज तिथं, पाटबंधाऱ्याचा असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गळाच्या पावतीचा ठराव मांडता येईल, ग्रामपंचायतीचा तलाव असेल तर ठेका देताना ती अट घालणं आपल्याच हातात आहे. संस्थेच्या लोकांनाही त्या सभेला बोलवा, त्यांच्या माघारी ठराव केला तर तो तलावावर टिकायचा नाही.

मी माझा अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथंच छापतो, करारातल्या अटींसकट. पुतण्यानं नवी काठी तासून ठेवलीय, तिला अजून गळ बांधलेला नाही.