ल्युअरचा साचा नंतर घ्या, आधी ब्लेड घ्या



घरी सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर बनवण्याचे व्हिडिओ बघितले की वाटतं, अरे हे तर चहा करण्याइतकं सोपं! दुधासारखं पांढरं प्लास्टिसॉल तापवायचं, रंग आणि चमकी टाकायची, सिरिंजने साच्यात सोडायचं. थंड झालं की रबरासारखा मऊ मासा तयार. (ल्युअर म्हणजे गळाला लावायचं खोटं आमिष. जिवंत कोळंबी लावून गरवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.)

सोपं आहेच. आणि माझ्या मते, म्हणूनच नुसतं बनवून विकण्यात धंदा नाही.

एक लिटर प्लास्टिसॉलमध्ये दहा ग्रॅमचे साधारण शंभर नग निघतात. कच्च्या मालाचा खर्च नगावर वाटला की आकडा छोटा दिसतो आणि माणूस खूश होतो. पण साचा, बुडबुडे येऊन वाया गेलेले नग, पाकीट, कुरियर आणि तुमचे स्वतःचे तास कोण धरणार? कारखाना एका दाबात डझनभर नग काढतो. त्याच्याशी भावात भांडायला गेलात तर तुम्ही हरणार, हे आजच लिहून ठेवा.

तुमच्याकडे आहे ती तुमची खाडी. कारखान्याला ती माहीत नाही. जिताडा किंवा तांबोशी धरणाऱ्या गळवाल्याच्या तक्रारी ऐका. पाणी गढूळ आहे, फिका रंग दिसत नाही. ल्युअर हळू ओढला तर शेपूट हलत नाही. केंड मासा शेपटीच कुरतडून नेतो. यातली प्रत्येक तक्रार म्हणजे एक ऑर्डर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच साच्याशिवाय सुटतात. शेपटीचा सांधा ब्लेडने थोडा बारीक केला की ती कमी वेगातही थरथरते. शेपूट तुटली तर दोन्ही कडा गरम पात्याला टेकवून लगेच दाबून धरायच्या, जोड बसतो. एका ल्युअरचं डोकं आणि दुसऱ्याची शेपूट असंही जोडता येतं. डोक्यात छोटा खिळा खुपसला की तो डोक्यावर बुडतो. पुढे स्वतः ओतायला लागलात की मिठाचा खेळ करता येतो: मीठ घातलं की ल्युअर जड होऊन लवकर खाली जातो, पण फाटतोही लवकर. हे गणित ज्याला आपल्या पाण्यासाठी जमलं, त्याला गिऱ्हाईक दोन रुपये जास्त आनंदाने देतं.

अमेरिकेत निक क्रीम यांनी 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये घरच्या घरीच प्लास्टिकचा गांडूळ बनवला, आणि त्यातून कंपनी उभी राहिली. ही गोष्ट सांगून लोक तुम्हाला स्वयंपाकघरात उतरवतात. मी नाही म्हणेन. प्लास्टिसॉल 170 ते 180 अंश सेल्सिअसला तापवावं लागतं. अंगावर उडालं तर उकळत्या पाकासारखं चिकटतं. त्यात पाण्याचा थेंब पडला, किंवा प्लास्टरचा साचा ओला राहिला, तर उसळून बाहेर येतं. जास्त तापलं की पिवळं पडतं, आणि जळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. वेगळी हवेशीर जागा, वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क, चष्मा, हातमोजे, आणि जेवणाशी कधीच संबंध येणार नाही असं भांडं आणि मायक्रोवेव्ह. एवढं जमत नसेल तर ओतकाम करूच नका. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला.

अजून एक गोष्ट बिनधास्त चालते, ती मला अजिबात पटत नाही. दुसऱ्याचा ल्युअर आणायचा, सिलिकॉनमध्ये बुडवून साचा काढायचा आणि आपलं नाव लावून विकायचं. डिझाइन नोंदवलेलं असेल तर आपल्याकडे डिझाइन कायदा, 2000 खाली त्याला आधी दहा आणि मुदत वाढवली तर आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. कायदा बाजूला ठेवा. नक्कल विकलीत तर पुढचा तुमचीच नक्कल करून एक रुपया कमी लावेल. मग कुठे जाणार?

पॅकिंगला हलकं घेऊ नका. लाल आणि पांढरे ल्युअर एका पाकिटात घातले तर रंग एकमेकांत उतरतो. काही कडक प्लास्टिकचे डबे तर ल्युअरमधल्या तेलाने विरघळून चिकट होतात. असं पार्सल एकदा गेलं की ते गिऱ्हाईक परत येत नाही. फाटलेले ल्युअर मात्र गिऱ्हाईकाकडून परत घ्या. ते वितळवून पुन्हा वापरता येतात आणि खाडीत प्लास्टिक जात नाही.

तर या महिन्यात तयार ल्युअरची दोन-तीन पाकिटं, एक ब्लेड आणि एक वही घ्या. नेहमी गळ टाकणाऱ्या चार-पाच जणांना बदल करून द्या. भरती होती की ओहोटी, पाणी कसं होतं, कुठल्या ल्युअरला मासा लागला, सगळं लिहा. वेगवेगळी माणसं तोच बदल पैसे देऊन परत मागायला लागली की मग साचा मागवा, तोही एकच.