शनिवार-रविवारच कशाला?

मे महिना उजाडला की भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या घरांत पोरांचं एकच टुमणं सुरू होतं: हैदराबादचं वंडरला. राविर्यालचं हे पार्क २०१६ साली सुरू झालं. बिदरहून अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे पहाटे निघायला हवं.

खर्चाचं गणित बसपासूनच बिघडतं. जून २०२३ पासूनच्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, पण तो कर्नाटकापुरताच. हैदराबादच्या आंतरराज्य गाडीत आई, आजी, आत्या साऱ्यांचं तिकीट काढावं लागतं. पार्कात मुलांचं तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरतं. तेव्हा निघण्याआधी पोरांना भिंतीशी उभं करून टेप लावलेली बरी. पाण्यातल्या राइडला साडी चालत नाही. आजी काठावर बसून पिशव्या सांभाळणार असेल, तर तिचं पूर्ण तिकीट काढायचं की नाही, हे घरीच ठरवावं. बाहेरचा डबाही आत नेता येत नाही, त्यामुळे धपाटे-चटणी गेटच्या अलीकडेच संपवावी.

आणि शनिवार-रविवारचा हट्ट कशासाठी? त्या दिवशी दरही चढे, रांगाही लांब. शाळेला सुट्टी आहे, मृगाच्या पेरणीला अवकाश आहे. शेतकरी घराला मंगळवार काय नि रविवार काय! नोकरदाराने एक रजा टाकावी.

तेवढंही झेपत नसेल, तर कलबुर्गीच्या कुटुंबाने बिदर गाठावं. किल्ला, १४७२ चा महमूद गवानचा मदरसा आणि नरसिंह झरणीच्या गुहेतलं छातीभर पाणी. इथे बायकांना बसभाडंही पडत नाही.