साहेबाचा शब्द, आपली देवळाली

परवा रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. विचारलं, ‘‘काय गं, बरं नाही का?’’ तर म्हणाली, ‘‘आई, मीटिंगमध्ये लंडनचा साहेब म्हणाला, महिनाअखेरीच्या कामानं मी ‘डूलॅली’ व्हायची वेळ आलीय. सगळे हसले, म्हणून मीही हसले. शेजारची लगेच म्हणते, कळलं नाही ना? लासूर स्टेशनचं इंग्लिश!’’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तसं तिच्या ऑफिसातलं बोलणं मला कोडंच वाटतं. हातात वेळ नसला की म्हणायचं ‘बँडविड्थ’ नाही. सोपं काम म्हणजे ‘लो हँगिंग फ्रूट’, हाताला लागणारी फळं! मग त्या साहेबाला आणा की आमच्या मार्केट यार्डात. कांद्याच्या लिलावात ‘गोल्टी’ म्हटलं की बारका कांदा, हे त्याला कळेल का? ज्याच्या त्याच्या धंद्याची बोली असते. ती न कळणं म्हणजे अडाणीपणा नव्हे.

पण ‘डूलॅली’ काही डोक्यातून जाईना. शोधाशोध केली, तर काय गंमत! शब्द निघाला आपल्या देवळालीचा. इथून मुंबईला जाताना नाशिकरोडच्या पुढे लागते, तीच देवळाली. १८६१ मध्ये इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत थांबायचे. बोटी ठराविक मोसमातच सुटायच्या, त्यामुळे काहींचा मुक्काम महिनोन्‌महिने लांबायचा. हाताला काम नाही, घर सातासमुद्रापार, त्यात ऊन आणि हिवताप. एखाद्याचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही की सोबती म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ च्या आपल्या पुस्तकात शिपायांच्या या रखडण्याबद्दल लिहिलंय. पुढे ताप गळून पडला आणि ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, एवढंच उरलं.

लेक हे ऐकून खळखळून हसली. मला मात्र फोन ठेवल्यावर हसू येईना. आपण तरी वेगळं काय करतो? पुण्यात येरवड्याला मनोरुग्णालय आहे, म्हणून घरात कुणी चिडचिड केली की पटकन म्हणतो, ‘‘हिला येरवड्याला न्या!’’ माझी धाकटी जाऊ बाळंतपणानंतर महिनाभर नुसती रडायची. तेव्हा हे वाक्य मीच बोलले होते. सगळे हसले होते, ती सोडून. तिला काय होतंय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. देवळालीतल्या त्या शिपायालाही कुणी विचारलं नसेल.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मुलींना दोन गोष्टी सांगूया. शब्द कळला नाही तर उगाच हसू नकोस, सरळ अर्थ विचार. विचारण्यात कमीपणा नाही. आणि शेजारच्या खुर्चीतली मुलगी खरोखरच मेटाकुटीला आलेली दिसली, तर तिची चेष्टा करू नकोस. तिला चहाला घेऊन जा, तिचं ऐकून घे.

लेकीनं दुसऱ्या दिवशी साहेबाला देवळालीची गोष्ट सांगितली. त्यालाही ठाऊक नव्हती म्हणे! आणि मी जावेला फोन लावला. इतक्या वर्षांनी का होईना, ‘‘चुकलं गं माझं’’ म्हणाले.