पीळ सोडायचा कधी?

जव्हार गावाच्या शिवेवर शिरपामाळ आहे. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. त्या स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असे जव्हारकर मोठ्या अभिमानाने सांगतात. ती फौज घोड्यांवरून आली होती आणि ते घोडे डोंगरात वाढलेले होते. हल्ली पावसाळ्यातल्या रविवारी या बाजूला जी फौज येते ती मुंबई, ठाणे, नाशिकहून येते आणि उंच, रुंद टायरांच्या जीपगाड्यांतून येते. बहुतेकींच्या पाठीवर ‘फोर बाय फोर’ अशी अक्षरे मिरवत असतात. चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येते, असा त्याचा अर्थ.

या गाड्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. बँकेच्या नोकरीत अशा तालुक्यांतून कर्जदारांच्या विहिरी आणि बैलजोड्या पाहत मी जीपमधूनच फिरलो. चिखलातून गाडी अलगद बाहेर येते तेव्हा किती हायसे वाटते, ते मला ठाऊक आहे. पण माळावर उभे राहून या नव्या गाड्यांची ये-जा पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. चार चाकांची ओढ कधी जोडायची, हे पुष्कळांना कळते. ती कधी सोडायची, हे फार थोड्यांना कळते. मोडतोड होते ती बहुधा या दुसऱ्या अज्ञानातून.

हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. ओल्या माळावरून एखादी जीप वळून गेली की तिच्या चाकांच्या खुणा पाहाव्यात. वळणावर दोनाच्या जागी चार रेघा दिसतात. पुढची चाके बाहेरून मोठा फेरा घेतात, मागची चाके आतून लहान फेरा घेतात. म्हणजे एकाच वळणात पुढच्या चाकांना जास्त चालावे लागते. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिचे प्रत्येक चाक आसावर आपापले मोकळे फिरते. मोटारीत उजव्या-डाव्या चाकांतला हा फरक सांभाळायला डिफरन्शियल असतो. साध्या गाडीत इंजिन फक्त एका जोडीला ओढ देते, दुसरी जोडी मोकळी असते, म्हणून पुढच्या-मागच्या फरकाची कोणाला आठवणही होत नाही.

जीपमधला दुसरा, छोटा दांडा ओढला (नव्या काही गाड्यांत बटण दाबले किंवा खटका फिरवला) की मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांनी एकाच गतीने फिरायचे, असा करार होतो. चिखलात, वाळूत, सुट्या मुरुमावर हा करार निभावतो, कारण चाक थोडेसे घसरून फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर चाक घसरायला तयार नसते. मग तो फरक जातो कुठे? तो शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दात्यांत साठतो. सुताच्या दोरीला दोन्ही टोकांनी पीळ द्यावा तसा पोलादाला पीळ बसतो. स्टेअरिंग जड होते, अरुंद वळणावर गाडी अडखळल्यासारखी हिसके देते, पुढचे टायर रस्त्यावर खरवडतात. आणि छोटा दांडा परत सोडायला जावे तर तो अडकून बसतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण माणसांविषयी म्हणतो. जीपच्या बाबतीत ते खरे ठरू देणे महागात पडते. आमच्या जीपच्या चालकाची यावर सोपी युक्ती होती. दांडा अडकला की तो त्याच्याशी झोंबाझोंबी करीत नसे. स्टेअरिंग सरळ करून गाडी पंधरा-वीस हात हलकेच मागे घेई. पीळ सुटे आणि दांडा लोण्यातून निघाल्यासारखा निघे. जागा नसेल तर एका बाजूची चाके रस्त्याकडेच्या मऊ मातीत उतरवूनही तेच साधते. दांड्यावर जोर काढणारा मात्र वर्कशॉपच्या वाटेला लागतो.

तेव्हा पहिला नियम असा, की ओढ जोडावी ती मऊ, निसरड्या, सुट्या जमिनीवर, आणि कठीण रस्ता लागताच सोडावी. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना तोरंगणच्या घाटात पाऊस आहे म्हणून चारही चाके जोडून वळणे घेणे हा सुरक्षिततेचा उपाय नव्हे. ओल्या डांबरावरही वळणात पीळ बसतोच, थोडा कमी इतकेच. शिवाय चार चाकांची ओढ गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. काही महागड्या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमधला फरक सांभाळणारी वेगळी योजना असते आणि त्या कायम चारही चाकांवर चालू शकतात. आपली गाडी कोणत्या जातीची, हे तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट जपून ठेवलेले असते!

दुसरी गोष्ट टायरांची, आणि इथे माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. समजा टायरचा व्यास सत्तर सेंटिमीटर आहे. पुढे नवी जोडी घातली आणि मागची जोडी पाच मिलिमीटर झिजलेली ठेवली, तर व्यासात एक सेंटिमीटरचा, परिघात सुमारे तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. एका किलोमीटरला चाक साधारण साडेचारशे वेळा फिरते. ढोबळ हिशेबाने किलोमीटरमागे चौदा मीटर झाले. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा, एकही वळण न घेता, पीळ बसत राहणार. तरीही ‘या वर्षी दोनच टायर’ असा शेरा मारून जीपची फाईल निकालात काढणारी कचेरी विरळा नाही. दोन टायरांचे पैसे वाचतात आणि त्याहून मोठा खर्च पुढच्या वर्षाच्या खात्यावर पडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘लो’. या गिअरमध्ये चाकांवरचा जोर दोन ते अडीचपट होतो आणि वेग तितकाच घटतो. गाडी थांबवून किंवा जवळजवळ थांबवून तो टाकायचा असतो. त्याचा खरा मोठेपणा चढापेक्षा उतारावर कळतो. माणसांनी भरलेली जीप दगडगोट्यांच्या उतारावरून इंजिनच धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. पण हाच वाढलेला जोर शाफ्टचा घात करतो. चाक दोन धोंड्यांमध्ये अडकलेले असताना ॲक्सिलरेटर दाबत राहिले, किंवा हवेत भरारा फिरणारे चाक एकदम खडकावर टेकले, की त्या एका हिसक्यात क्रॉस किंवा एक्सल तुटतो. अडकल्यावर आधी खाली उतरून पाहावे, चाकाखाली दगड रचावेत, मग हलक्या पायाने गाडी काढावी. एक पुढचे आणि एक मागचे चाक अधांतरी झाले तर साध्या डिफरन्शियलच्या जीपमध्ये चार चाकांची ओढही गाडीला हलवत नाही, हेही लक्षात असावे.

ओढ्यातून गाडी घातल्यावर थंड पाण्याने डिफरन्शियलमधली गरम हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. आतले तेल ताकासारखे पांढुरके होते. तसे तेल दात्यांचे रक्षण करीत नाही. म्हणून खोल पाण्यातून आल्यावर तेल तपासणे आणि बिघडले असेल तर बदलणे, हा सर्वांत स्वस्त विमा समजावा.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ज्याची गाडी त्याचा खर्च, रविवारच्या सकाळी आम्हाला हे कशाला? त्याचे उत्तर या माळाच्या पलीकडे आहे. जीप ही हौसेची वस्तू म्हणून जन्मली नाही. १९४१ साली ती युद्धासाठी बनली आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक होते ते ज्यांना रस्ता नव्हता ते. आजची ‘थार’ नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिथून जव्हार ऐंशीएक किलोमीटर आहे. पण या जव्हार-मोखाड्यातले अनेक पाडे अजून पावसाळ्यात पक्क्या रस्त्याविना राहतात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बाळे वाचली नाहीत.

अशा मुलखात दोन प्रकारच्या गाड्या चालतात. एक आरोग्य केंद्राची किंवा प्रवासी वाहतुकीची, जिचा एक्सल तुटला तर त्या दिवशी कोणाचे तरी दवाखान्यात पोहोचणे राहते. दुसरी पाहुण्यांची, जिचा एक्सल तुटला तर सोमवारची रजा पडते. दोन्ही गाड्या एकाच कच्च्या वाटेने जातात. पाहुण्यांनी मजेखातर चाके भरारा फिरवून तिथे गुडघाभर चर पाडले, की त्या चरांतून उरलेला पावसाळा दुसरीला काढायचा असतो. ओढ्याकाठच्या खाचराचा बांध फुटला तर भात लावलेल्याच्या घरात ते नुकसान दिसते. गाडीचे घटक आणि गावची वाट, दोन्ही मोडतात ते एकाच सवयीने. जोर हाताशी आहे म्हणून गरज नसताना तो वापरायचा, ही ती सवय. बँकेत आम्ही कर्जाची मर्यादा मंजूर करीत असू, पण शहाणा व्यापारी ती संपूर्ण उचलत नसे. हंगाम संपला की खाते मोकळे करी.

म्हणून काही अपेक्षा आहेत. गाडी विकणाऱ्याने चावीबरोबर अर्धा तास मोकळ्या जमिनीवर घालवून ‘कधी सोडायचे’ हे शिकवावे. वाहन चालवण्याच्या परवान्यात साधी मोटार आणि फोर बाय फोर यांत भेद नाही, तेव्हा ही जबाबदारी आणखी कोणी घेणारही नाही. सरकारी जीपच्या चालकांना या विद्येचे रीतसर शिक्षण मिळावे आणि त्यांच्या टायर-तेलाच्या मागण्यांवर काटछाटीची कात्री चालवू नये. पाहुण्यांनी डांबर सोडण्यापूर्वी गावात विचारावे, वाट ओली असेल तर गाडी ठेवून पायी जावे. जव्हारचा पाऊस तसाही पायी पाहण्याचाच आहे.