मुस्तफा चांगला निघाला, पण...

पालकसभा संपली की एखादी आई हळूच विचारते, “मुलांसोबत बसून पाहता येईल असा एखादा ड्रामा सांगा ना.” सध्या आम्ही ‘कभी मैं कभी तुम’ हे नाव सांगतो. २०२४ मध्ये ‘एआरवाय डिजिटल’वर आलेली ही पाकिस्तानी मालिका फरहत इश्तियाक यांनी लिहिली आहे. फहाद मुस्तफा आणि हानिया आमिर यांची कामे सहजसुंदर आहेत आणि उर्दू घरात बोलावी तशी साफ.

ऐन लग्नाच्या तोंडावर मोठा भाऊ अदील नकार देतो. इज्जत राहावी म्हणून शरजीनाचा निकाह धाकट्या, बेफिकीर मुस्तफाशी लागतो. पुढे दोघे वेगळे राहतात, पैशाची ओढाताण सोसतात, एकमेकांना ओळखू लागतात.

आमच्या घरी इशानंतर ही मालिका चाले. एका रात्री नववीतली लेक म्हणाली, “मुस्तफा चांगला निघाला म्हणून बरं. नसता निघाला तर?”

‘नशीब असतं बेटा’ हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते, ते गिळले. निकाहाला मुलीची रजामंदी हवी, हे आपण सगळे सांगतो. पण चार माणसांसमोर, बापाचा उतरलेला चेहरा पाहून दिलेल्या होकाराला रजामंदी म्हणायचे का?

मालिका जरूर पाहा. मात्र शेवट गोड झाला म्हणून हा प्रश्न सोडू नका. टीव्ही बंद करून दहा मिनिटे लेकीचे ऐका.