नानावटी खटला: ज्यूरीची आख्यायिका आणि राजभवनाचा आदेश

भारतातील ज्यूरी पद्धत कमांडर नानावटींमुळे गेली, हे विधान कायद्याच्या वर्गापासून सरकारी कचेऱ्यांतील गप्पांपर्यंत इतक्या सहजतेने केले जाते की, त्याचा पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. २०१६ मध्ये पडद्यावर आलेल्या 'रुस्तम'ने या आख्यायिकेला नवे आयुष्य दिले. त्यातील नायक तर ज्यूरीच्या निर्णयाने निर्दोष सुटतो. प्रत्यक्षातले नानावटी मात्र खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरले होते आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही कायम केला होता. लोकांच्या आठवणीत राहिलेला खटला आणि निकालपत्रांतून दिसणारा खटला यांच्यात असे बरेच अंतर आहे. ते अंतर केवळ तपशिलाचे नाही. या प्रकरणात कायद्याच्या राज्याला खरा धक्का कोठून बसला, हा प्रश्नच त्यात हरवला आहे.

घटनेचा सांगाडा निर्विवाद आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्या पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्याच दिवशी नानावटींच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांनी आहुजा मुंबईतील आपल्या राहत्या घरी मारले गेले आणि नानावटी स्वत: पोलिसांच्या स्वाधीन झाले. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने नानावटींची बाजू आघाडीवर राहून लढवली होती आणि मुंबईतील मोठा वर्ग या देखण्या अधिकाऱ्याच्या मागे उभा होता, हेही खरे.

पुढे उच्च न्यायालयाने फेरखटला चालवला, असे सर्रास लिहिले जाते. तसे घडले नाही. सत्र न्यायाधीशांना ज्यूरीचा कौल पुराव्याशी पूर्णत: विसंगत वाटला आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. म्हणजे ज्यूरी चुकली तर काय करायचे, याची तरतूद त्या जुन्या ब्रिटिश कायद्यातच होती आणि ती व्यवस्थित चालली. उच्च न्यायालयाने त्याहून महत्त्वाची एक गोष्ट नोंदवली. ज्यूरीला कायदा समजावून सांगतानाच न्यायाधीशांकडून गंभीर त्रुटी राहिल्या होत्या. सारा दोष वृत्तपत्रांनी भारावलेल्या नऊ नागरिकांवर ढकलणे सोयीचे असले, तरी कागद तसे सांगत नाहीत.

ज्यूरीच्या अंताचे म्हणाल, तर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ही पद्धत रद्द करण्याची शिफारस केली होती. तो अहवाल १९५८ चा. म्हणजे आहुजा जिवंत असतानाचा. मुळात देशभर सरसकट ज्यूरी कधी नव्हतीच. कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या गुन्ह्यांसाठी ती ठेवायची, हे राज्य सरकारे ठरवीत. पश्चिम बंगालमध्ये ती नानावटी खटल्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. तिचा शेवट केला तो १९७३ च्या नव्या संहितेने. या खटल्याने ज्यूरीच्या विरोधकांना एक बोलके उदाहरण पुरवले, इतकेच फार तर म्हणता येईल.

दुसरी विसंगती अधिक मनोरंजक आहे. जनतेच्या लेखी नानावटी हे अब्रूसाठी शस्त्र उचललेले पती होते. न्यायालयात मात्र बचाव पक्षाचा मुख्य दावा असा की, झटापटीत गोळ्या अपघाताने सुटल्या. आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा पर्यायी होता. ज्या कृत्यासाठी रस्त्यावर जयजयकार चालला होता, ते कृत्य आपण हेतुत: केलेच नाही, असे खुद्द नायक सांगत होता! सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात दोन्ही दावे फेटाळले. झटापट झाली असती, तर आंघोळीहून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी राहिला नसता. प्रक्षोभाच्या बाबतीत न्यायालयाने घड्याळाकडे बोट दाखवले. घर सोडले दुपारी दीडच्या सुमारास. हत्या झाली चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास. मधल्या वेळात पत्नी आणि मुलांना चित्रपटगृहात पोहोचवणे, खोटे कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेणे, आहुजांच्या कार्यालयात जाऊन येणे एवढे सारे झाले होते. मन ताळ्यावर यायला इतका अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाचे मत पडले.

लोकांनी टॉवेल लक्षात ठेवला. ११ मार्च १९६० हा दिवस मात्र विस्मृतीत गेला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ खाली ती स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत नानावटींनी तुरुंगाऐवजी 'आयएनएस कुंजाली' येथे नौदलाच्या ताब्यात राहावे, असा तो आदेश होता. अटकेचे वॉरंट बजावणीविना परत आले. सामान्य कैद्याच्या दयेचा अर्ज किती टेबलांवरून फिरतो, हे राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना सांगायला नको. येथे सूर्यास्तही आड आला नाही. त्या वेळी राज्यात यशवंतराव चव्हाणांचे मंत्रिमंडळ होते आणि केंद्रात संरक्षण खाते कृष्ण मेनन यांच्याकडे होते. आदेशामागे कोणाचा शब्द होता यावर पुष्कळ बोलले गेले. न्यायालयाने त्या खोलात न जाता अधिकाराची कक्षा तपासली.

५ सप्टेंबर १९६० रोजी सरन्यायाधीश सिन्हा यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने निर्णय दिला. न्या. गजेंद्रगडकर त्या पीठावर होते. पूर्ण माफी देण्याचा अधिकार अबाधित आहे; परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्यावर शिक्षा स्थगित ठेवायची की नाही, हे अनुच्छेद १४२ नुसार न्यायालय ठरवील, राजभवन नव्हे, असे बहुमताने सांगितले गेले. एकटे न्या. कपूर असहमत राहिले. (पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे प्रमुख ते हेच.)

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी पुढारी भाई प्रताप यांनाही माफी मिळाली. पारशी आणि सिंधी समाजांत घडवून आणलेल्या सौद्याची कहाणी यातूनच निघाली. ती आठवणींवर आणि सांगोवांगीवर उभी आहे. दोन माफ्यांचे एकत्र येणे, एवढाच त्यातला पक्का भाग. तथापि अशी शंका फोफावते, कारण माफीमागची कारणे जनतेपुढे ठेवली जात नाहीत.

हा वाद जुना झालेला नाही. राजीव गांधी हत्येतील दोषी पेरारिवलनच्या सुटकेची शिफारस तमिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये केली होती. राज्यपालांनी ती दोन वर्षांहून अधिक काळ अडवून अखेर राष्ट्रपतींकडे धाडली. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १६१ खाली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असल्याचे स्पष्ट केले आणि पेरारिवलनची सुटका केली. त्यासाठी आधार घेतला तो अनुच्छेद १४२ चाच. १९६० मध्ये ज्याच्या बळावर नानावटींची स्थगिती निष्प्रभ ठरली होती.