पाऊस आमचा, पण भिजायचे कुठे?

"हैदराबादला काय पाऊस पडतो हो? शिंतोडे!"

तारनाक्याला बिऱ्हाड केल्यापासून पणजीहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून हे वाक्य ऐकतो आहे. पहिली दोन वर्षे मीही मान डोलावली. आकडे आपल्याच बाजूने होते ना! पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर, इथे जेमतेम ८००. आता मात्र मी भांडतो.

तारनाका हे नाव ऐकताच आपल्याला वाटते, हे तर मराठीच. पूर्वी इथे एका बागेला तारेचे कुंपण होते आणि त्यापाशी नाका, असे सांगतात. गंमत अशी की या तारेच्या गावाला लागूनच उस्मानिया विद्यापीठाचा हजाराहून अधिक एकरांचा परिसर पसरला आहे. विद्यापीठ १९१८ सालचे, कला महाविद्यालयाची ती भव्य दगडी इमारत १९३९ सालची. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल इथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकले होते, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवते. पण मला आज सांगायचे आहे ते पहाटेचे.

जुलैमध्ये पहाटे साडेपाचला बाहेर पडावे. रिमझिम चालू असते. लालागुड्याचे निवृत्त रेल्वेवाले, हब्सीगुड्याच्या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ, हातात पुस्तक घेऊन झाडाखाली पाठांतर करणारी, सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणारी खेड्यातली पोरे, सलवारवर पांढरे बूट चढवलेल्या गृहिणी... सगळे चालत असतात. सर वाढली तर झाडाखाली थांबतात, ओसरली की पुन्हा निघतात. मोर ओरडतात. आषाढात बोनालू आले की बायका डोक्यावर घट घेऊन भर पावसात रस्त्याने देवीला निघतात. ८०० मिलिमीटरचा थेंब न् थेंब ही माणसे अंगावर घेतात.

आता कोणी म्हणेल, आणि हे शहर बुडते त्याचे काय? बुडते, कबूल. १९०८ च्या मुसीच्या पुरात हजारो माणसे गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावून उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले. पुढे तळी बुजवून वसाहती उठवल्या, त्याची शिक्षा ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली. पण वाचकहो, सांतिनेजच्या नाल्याचे गटार करून अठरा जून रस्त्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्यांनी दुसऱ्याला हसू नये.

आपला पाऊस पूर्वी अंगणापलीकडचा होता. पुरुमेंत भरून झाले की माणसे घरात कोंडून थोडीच बसत! सांजांवला विहिरीत उड्या पडत, आषाढी द्वादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला रंगे, अळमी शोधायला पोरे सड्यावर जात. हे सण अजून होतात, पर्यटन खाते त्यांची जाहिरातही करते. प्रश्न उरलेल्या ११९ दिवसांचा आहे. सड्याला भिंत आली, भिंतीला फाटक, फाटकाला रखवालदार. रस्त्याला पदपथ नाही, आहे तिथे दुचाक्या. गोंयकार काचा वर करून गाडीतून पाऊस पाहतो आणि पावसाचा अभिमान बाळगतो. दिल्लीचा पाहुणा 'मान्सून पॅकेज' घेऊन येतो आणि भिजून जातो!

ज्या गोव्याने २००७ साली रस्त्यावर उतरून प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यायला लावला, त्याच गोव्यात २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आले, पाठोपाठ २०२४ साली ३९(अ). जमिनीचा हिरवा रंग बदलायची वाट सोपी झाली. कोर्टात लढणारे लढत आहेत, त्यांना माझा नमस्कार. बाकीचे आपण ताळगावच्या पठारावर गाडी लावून कणसे खातो आणि म्हणतो, काय मस्त पाऊस!

तारनाक्याचे स्वर्गात रूपांतर करण्याचा माझा इरादा नाही. मे महिन्यात इथे डोके भाजून निघते आणि चौकातला वाहनांचा धूर वर्षभर घशात बसतो. उस्मानियाच्या जमिनीवरही डोळा ठेवणारे आहेतच. पण रोज चालणारी हजारो माणसे आहेत, तोवर ती गिळणाऱ्याला आधी त्यांच्यातून वाट काढावी लागेल.

परवा शेजारचे रेल्वेवाले गृहस्थ म्हणाले, "यंदा श्रावणात तुमच्या गोव्याला येतो. कुठल्या हॉटेलात नको, तुमच्या गावीच राहीन. सकाळी पावसात कुठे फिरायला जाता तुम्ही लोक?"

मी चहाचा घोट घेतला आणि समुद्राचे काहीतरी सांगितले.